डावा घास

१

सात गढ्या, सात घराणी आणि एक सिंहासन. या भंकसवर माझं घर चालायचं.

धुळ्यात आग्रा रोडला बन्सीलालशेठचं कापडाचं दुकान आहे. दुकानाच्या वर, गाठोड्यांच्या खोलीला लागून, त्यांच्या मुलानं, अखिलनं, स्टुडिओ काढला होता. स्टुडिओ म्हणजे भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, विटांनी बुजवलेली खिडकी आणि मध्ये एक माइक. अखिलची बहीण जिनल तिथे बसून माझ्या गोष्टी वाचायची आणि लोक त्या मोबाइलवर ऐकायचे. मालिकेचं नाव 'सातगढी'. लेखक म्हणून नाव अखिलचं. ‘हिलाल पाटील नावाच्या माणसाच्या राजवाड्यात कोण शिरेल, भाऊ?’ असं तो हसत म्हणाला होता. मला राग आला नाही. तो राजवाडा माझ्या नावावर नसलेलाच बरा होता.

काय असायचं त्यात? वज्रमुठी घराण्याचा धाकटा भाऊ थोरल्याच्या दुधात विष कालवतो. कृष्णध्वजांची राणी माहेरी निरोप धाडते. सेनापती विकला जातो, मग ज्यानं विकत घेतला तोही विकला जातो. महामार्गावरचे ट्रकवाले ऐकायचे, शेवया वाळत घालणाऱ्या बायका ऐकायच्या, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपल्याला राजकारण फार खोल कळतं. मला त्यांची कीव यायची. कीव तरी कुठली, किळसच.

एप्रिलमध्ये ऐकणारे कमी झाले तसा अखिल मागे लागला. “भाऊ, आता फितुरीनं कोणी दचकत नाही. काहीतरी मोठं पायजे.”

मी सकाळी संगणकावर बसलो आणि फार डोकं न चालवता मोठं काहीतरी काढलं. सातही घराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली आहेत, पण प्रत्येक घरात काही माणसं अशी आहेत की ती आपल्या घराशी इमानी नाहीत आणि शत्रूशीही नाहीत. ती आणखी कोणाची तरी आहेत. त्याला नुसतं ‘धनी’ म्हणायचं. या माणसांची एक खूण दिली. जेवायला बसलं की पहिला घास डाव्या हातानं उचलायचा आणि ताटाबाहेर, डाव्या बाजूला ठेवायचा. तोंडानं काही बोलायचं नाही.

जेवणाआधी देवासाठी चित्राहुती ताटाच्या उजवीकडे घालतात, म्हणून मी डावीकडे केलं. माझी प्रतिभा एवढीच.

२

दुपारचं जेवण शेठच्या घरून डब्यात यायचं आणि आम्ही सगळे गाठोड्यांच्या खोलीत खाली बसून जेवायचो. बन्सीलालशेठ जुन्या वळणाचे जैन. ताटात कण ठेवायचे नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी ओतून, बोटानं कडा धुऊन ते पाणी पिऊन टाकायचे. मला ते पाहवायचं नाही. दुकानातल्या नोकराला पंख्याची हवा मोजून देणारा माणूस, आणि डाळीच्या कणावर ही दया!

त्या दिवशी मी लिहिलेलं कोणाला दाखवलं नव्हतं. अखिललाही नाही.

शेठ बसले. फुलक्याचा तुकडा मोडला, तो डाव्या हातात घेतला, भाजीला लावला आणि ताटाबाहेर, डावीकडे, फरशीवर ठेवला. मग जेवू लागले.

मी त्या तुकड्याकडे बघत राहिलो.

“काय झालं, हिलालभाऊ?” शेठ म्हणाले. “भाजी तिखट आहे?”

“नाही, नाही.”

म्हातारपणी हात कापतो, तुकडा पडला असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण पडला असता तर या माणसानं उचलून खाल्ला असता. मुंगीच्या पायाखालचा कणही तो सोडत नव्हता. मी खाली मान घालून जेवलो. शेवटी शेठनी ताट धुतलं, ते पाणी प्याले, आणि उठले. तेव्हा मी पुन्हा पाहिलं. फरशीवर काही नव्हतं. तेलाचा डागही नव्हता.

३

देवपुरात आमच्या दोन खोल्या. बायको सरिता शिलाई मशीनवर पिको-फॉल करते. ती सोनगीरची. माझ्याशी अहिराणी बोलते, मी मराठीत उत्तर देतो. आमचं असंच चालतं. सातगढी तिनं एकदाही ऐकली नव्हती. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणायची. खरं म्हणजे तिला कळणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. सरितानं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला आणि माझ्यासमोर बसली. मी मुद्दाम पाहत नव्हतो. खरंच सांगतो, मी पाण्याचा तांब्या घ्यायला वळलो आणि माझी नजर गेली. भाकरीचा घास तिच्या ताटाच्या डाव्या बाजूला होता. तिचा डावा हात नुकताच मागे येत होता.

“हे काय?”

“काय?”

“तो घास. बाहेर कशाला ठेवलास?”

ती माझ्याकडे बघत राहिली. लहान मूल ‘आई, तू श्वास का घेतेस’ असं विचारतं तेव्हा आई बघते, तशी. “आसंच. मनी माय करे.”

“आणि तुझी माय कशाला करायची?”

“बठ्ठाच करतस,” ती म्हणाली, म्हणजे सगळेच करतात. “तुमले आज दिसनं का?”

आणि ती जेवू लागली.

दुपारभर मी पंख्याखाली पडून विचार केला, आणि संध्याकाळपर्यंत उलगडाही काढला. लग्न झाल्यापासून हिला मी हे करताना बघत आलो असणार. डोळ्यांनी बघितलं, डोक्यानं नोंद घेतली नाही, आणि अखिलनं तगादा लावल्यावर तेच वर आलं. मला वाटलं मी रचलं. लेखकाची कल्पना म्हणजे बायकोच्या ताटाजवळून उचललेली वस्तू! मला माझंच हसू आलं.

हसू ओसरल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. मी ती खूण रचली असती तर शेठचा घास हा योगायोग ठरला असता. पण मी रचलीच नव्हती. मग सोनगीरच्या पाटलाची लेक आणि मारवाडातून आलेला शेठ, ज्यांचा देव वेगळा, अन्न वेगळं, विटाळ वेगळा, ही दोघं एकच गोष्ट कोणासाठी करत होती?

४

ते प्रकरण जिनलच्या हातात गेलं. मी बाहेर कानाला हेडफोन लावून बसलो. ती गाद्यांच्या खोलीत वाचत होती. जिनलचा आवाज चांगला होता. बुद्धी नव्हती, पण आवाजाला ती लागत नाही.

“कृष्णध्वजांच्या भोजनगृहात सगळे बसले,” तिनं वाचलं. मग थांबली. मग वाचलं, “आणि भोजन आटोपून उठले.”

“जिनल, मधला परिच्छेद राहिला.”

“वाचला की.”

“घासाचा राहिला. परत घे.”

तिनं परत वाचलं. बसले. थांबली. उठले. मी दारातल्या काचेतून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे ओळीवरून सरकत होते, ओठ मिटलेले होते, आणि तिला वाटत होतं की ती वाचते आहे. निदान चेहऱ्यावरून तरी तसंच दिसत होतं.

अखिल शेजारी होता. त्याला ऐकवलं. “बरोबर तर आहे, भाऊ,” तो म्हणाला आणि चहा सांगायला खाली गेला.

मी एकट्यानं ते पुन्हा लावलं. आवाज वाढवला. बसले आणि उठले यांच्यामध्ये ती शांतता होती. गाद्यांच्या खोलीत पंखा बंद ठेवावा लागतो, खिडकी बुजवलेली, दार लागलेलं. तरी तिथे काहीतरी होतं. आधी वाटलं जिनलचा श्वास असेल. श्वास नव्हता. ओल्या फरशीवरून कोणीतरी काहीतरी उचलत होतं. बोटांची टोकं घासली, थांबली, पुढे सरकली, पुन्हा घासली. ओळीनं बसलेल्यांच्या पानांवरून फिरावं तसं.

मी हेडफोन काढला. खाली दुकानात कोणीतरी साडीचा रंग उन्हात बघायला मागत होतं. गादीच्या कापसात उंदीर असतील, असं मी ठरवून टाकलं. ठरवायला काय लागतं?

५

दोन-तीन दिवसांनी शेठनी मला गल्ल्याजवळ बोलावलं. एरवी ते मला उभं ठेवायचे. त्या दिवशी गादीवर बसायला सांगितलं.

“हिलालभाऊ, राजाराणीचं लिहा. मारामारी लिहा. भावानं भावाला विष घालू द्या, आपली ना नाही. पण माणसाच्या जेवणावर कशाला लिहिता?”

“शेठ, ती गोष्ट आहे.”

“तेच म्हणतो मी. गोष्टच राहू द्या.”

त्यांचा आवाज धमकीचा नव्हता. आजाऱ्याला पथ्य सांगावं तसा होता. मला त्याचाच राग आला. हा कापडवाला मला सांगणार, काय लिहायचं!

आणि हे आमचे राजे कोण? बन्सीलालशेठ आणि दोंडाईच्याचे लखीचंदशेठ. एकाचं कापड, एकाची कापसाची जिनिंग. बाजार समितीच्या निवडणुकीत दोघांनी एकमेकांची माणसं फोडली, एकमेकांवर खटले घातले, समोरून आले तर रस्ता बदलला. आणि आता अखिलचा साखरपुडा लखीचंदशेठच्या मुलीशी, विधीशी, ठरला होता. वज्रमुठी आणि कृष्णध्वज! माझ्या मालिकेतसुद्धा इतकं स्वस्त वळण मी घेतलं नसतं.

मी घरी जाऊन पुढचं प्रकरण लिहिलं. त्यात धन्याला उघडं पाडायचं ठरवलं. सातही गढ्यांतले लोक जमतात, पडदा ओढतात, आणि पडद्यामागे कोणीच नसतं. भ्यालेल्या लोकांनी रिकाम्या जागेला दिलेलं नाव म्हणजे धनी. ते लिहिताना मला फार बरं वाटलं.

सरिता मशीनवरून उठून माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिनं संगणकाच्या पडद्यावरचं वाचलं. मला वाटायचं ती वाचत नाही.

“हाई लिखू नका,” ती म्हणाली.

“का? कोण येणार आहे विचारायला?”

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुमले कोणी कधी काही मांगं नही, म्हनीसन तुम्ही आसा बोलतस.”

मी तिचा हात बाजूला केला आणि प्रकरण अखिलला पाठवून दिलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. प्रकरणाबद्दल एक शब्द नाही. “भाऊ, साखरपुड्याला दोघांनी यायचंच. बाबांनी खास सांगितलंय. वहिनींना आणा.”

६

दोंडाईच्याला रेल्वे रुळांपलीकडच्या मंगल कार्यालयात साखरपुडा झाला. टेबल-खुर्च्या नव्हत्या. दोन्ही शेठचा हट्ट, पंगतच बसायची. भर दुपार होती, पत्र्याखाली मोठे कूलर गरगरत होते, आणि शहाबादी फरशीवर लांब पट्ट्या अंथरून आम्ही समोरासमोर ओळीनं बसलो होतो. बन्सीलालशेठच्या समोर लखीचंदशेठ. त्यांच्यापलीकडे बाजार समितीतले दोन्ही गट, ज्यांनी मागच्या निवडणुकीत एकमेकांच्या जीपा फोडल्या होत्या. सरिता माझ्या डाव्या हाताला होती. पुढ्यात दाल-बाटी, वर तुपाची धार. मी मनातल्या मनात या दरबाराची टर उडवत होतो.

तेवढ्यात कूलर बंद झाले.

लाइट गेली नव्हती. वरचे दिवे तसेच होते. कोणीतरी बटणं बंद केली. वाढपी हातातल्या बादल्या घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एकाच वेळी सगळ्या पंगतीचे डावे हात हलले. बन्सीलालशेठचा, लखीचंदशेठचा, जीपा फोडणाऱ्यांचा, जिनलचा, नवरीचा. बाटीचा एकेक घास ताटाबाहेर ठेवला गेला. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या.

“मुंडी खाले करा,” सरिता पुटपुटली. “देखू नका. आनि घास ठेवा.”

मी ठेवला नाही. भीती नव्हती असं नाही, पण भीतीपेक्षा मला त्या लोकांची किळस जास्त आली होती. एवढी भांडणं, एवढे खटले, एवढी फोडाफोडी, आणि खाली सगळे एकच! मी डावा हात मांडीखाली दाबून धरला.

पंगतीच्या टोकाकडून आवाज आला. ओलं पाऊल फरशीवरून उचललं की येतो तो. मग थांबल्याचा. मग बोटांची टोकं घासल्याचा. तो मी ओळखला. पुन्हा पाऊल. इतक्या उन्हात, जिथे सांडलेलं पाणी बघता बघता वाळतं, तिथे कोणीतरी ठिबकत चाललं होतं.

मी मान खाली घातली, पण डोळे मिटले नाहीत. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत धोतराचा काठ आला. पांढरा, ओलाचिंब. त्याच्यातून थेंब पडत होते आणि तापलेल्या फरशीवर तसेच राहत होते. माझ्या उजवीकडच्या माणसाच्या घासावर एक हात उतरला. म्हातारा वाटला नाही, तरुणही नाही. गुबगुबीत, मऊ हात होता. कधी काम न केलेला. फार वर्षं फार लोकांनी पोसलेला. घास उचलून तो वर गेला.

मग तो काठ माझ्यासमोर येऊन थांबला.

माझ्या डावीकडे फरशी रिकामी होती. मी लिहिलं होतं, पडद्यामागे कोणीच नसतं. समोर उभं राहून ते वाट बघत होतं. घाई नव्हती त्याला. मला आता घास ठेवायचा होता, कोणाचीही शपथ घेऊन सांगतो, पण मांडीखालचा हात निघेना. तो माझा राहिलाच नव्हता.

सरितानं आपल्या ताटाजवळचा घास उचलला आणि माझ्या डावीकडे ठेवला.

हात उतरला. घास गेला. काठ एक पाऊल पुढे सरकला आणि तिच्यासमोर उभा राहिला. आता तिच्या डावीकडे काही नव्हतं. ताटात होतं, पण तिनं तिकडे हात नेला नाही. काय दिलं की भागतं आणि काय दिलं की भागत नाही, हे तिला माहीत असावं.

तिनं मान वर केली. त्या सबंध कार्यालयात वर पाहणारी ती एकटीच होती. तिनं काय पाहिलं ते मी पाहिलं नाही. मी तिचा चेहरा पाहिला. त्यावर भीती नव्हती. जन्मभर ज्याचं रांधलं तो दारात आल्यावर बाईच्या चेहऱ्यावर जे येतं, ते होतं.

कूलर सुरू झाले. वाढपी वळले. “मोहनथाळ! मोहनथाळ घ्या!” असा ओरडा झाला. लखीचंदशेठनी बन्सीलालशेठच्या ताटात आग्रहानं तूप ओतलं. फरशी कोरडी होती.

७

परतीच्या जीपमध्ये ती खिडकीशी बसली होती. मी तिचा हात धरला. थंड होता, आणि तिनं तो सोडवला नाही, धरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं घास बाहेर ठेवला नाही. मी विचारलं तर म्हणाली, “आता गरज नाही.” स्वच्छ मराठीत. अहिराणी गेली ती परत आली नाही. मशीनवर धूळ बसली. ज्यांच्या साड्या फॉलला पडल्या होत्या त्या बायका साड्या मागायला आल्या नाहीत. दारात आल्या त्या वाटीत काहीतरी झाकून घेऊन. बाहेरच ठेवायच्या, पदर डोक्यावरून ओढायच्या आणि पाठ न दाखवता जिना उतरायच्या.

माझं प्रकरण जिनलनं वाचलं म्हणे. अखिलनं ऐकवलं. सातही घराणी जमतात, पडदा ओढतात, आणि सगळे गुडघ्यावर बसतात. मी हे लिहिलं नव्हतं. लोकांना फार आवडलं.

मी सोनगीरला सासूबाईंना फोन केला. जे झालं ते सांगितलं, म्हणजे सांगता आलं तेवढं.

“ती जेवस का?” त्यांनी विचारलं.

“जेवते.”

“मंग तुम्ही बी जेवा.” म्हातारी रडत होती. “आनि तिले आते नाव लिसन हाक मारू नका.”

मग एका दुपारी बन्सीलालशेठ आले. माझ्या घरी ते कधी आले नव्हते, माझं घर कुठे आहे हे त्यांना माहीत असेल असंही मला वाटलं नव्हतं. चपला त्यांनी खाली रस्त्यावर काढल्या आणि तापलेल्या जिन्यावरून अनवाणी चढून आले. मी म्हटलं, “बसा शेठ.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरिता आतून आली, खाटेवर बसली, आणि हातानं खूण केली. तेव्हा ते जमिनीवर बसले.

त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. मला पाणी आणायला सांगितलं होतं.

८

काल तिनं मला वाढायला लावलं. मी वाढलं. कळण्याची भाकरी मला नीट थापता येत नाही, कडा फाटतात. ती जेवली. मी भिंतीला टेकून उभा होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि गल्लीत कोणाच्या तरी मोबाइलवर जिनलचा आवाज चालू होता.

जेवून झाल्यावर ती माझ्याकडे बघू लागली. ती नजर मला परकी नव्हती. शेठकडे, अखिलकडे, ऐकणाऱ्यांकडे, हिच्याकडे मी याच नजरेनं बघत आलो होतो. दुसऱ्या टोकाला उभं राहिल्यावर ती कशी लागते, हे मला पहिल्यांदा कळलं.

मला तिला म्हणायचं होतं की तो घास तू माझ्यासाठी ठेवलास. मला विचारायचं होतं की तू आत कुठे आहेस का. मी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली. लग्नानंतर तिनं माझं नाव कधी घेतलं नव्हतं आणि मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

“तू कोणाचा, हिलाल?” तिनं विचारलं.

मी लगेच उत्तर दिलं. तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.